बोट लागणे

रात्री अडीच वाजता, महापेच्या चौथ्या मजल्यावर
मी परदेशातल्या आजाऱ्यांच्या कागदांवर आकडे टाकते.
आर अकरा पॉइंट शून्य : नॉशिया.
ओहायोची कुणी बाई, वय एकसष्ट,
सकाळपासून मळमळ, अन्नावर वासना नाही.
मिनिटाला एक कागद. बाईला चेहरा नसतो.

परवा नेरूळच्या डॉक्टरांनी
तोच शब्द आबांच्या फाइलवर लिहिला,
घाईत, शेवटचं अक्षर शेपटीसारखं ओढून.
लडकू पदाजी कोळी, वय एकसष्ट.
सवयीनं मी समासात आकडा टाकला
आणि मग खोडला.

त्या रात्री जेवणाच्या सुट्टीत शब्दच उघडून बसले.
डबा उघडायचा राहिला.
इंग्रजीखाली लॅटिन निघालं, जवळजवळ तसंच,
लॅटिनखाली ग्रीक, नाउसिआ,
आणि तिथं शब्दाला वल्ही फुटली :
नाउस, म्हणजे जहाज.
नाउस, नाविस, नौ,
नाव.
आमच्या दिवाळ्याच्या दारात उपडी घातलेली,
तळाला डांबर, पोटाखाली मांजराची तीन पिल्लं.

सगळ्यात तळाशी एक रूप होतं, डोक्यावर चांदणी असलेलं.
चांदणी म्हणजे : हे कुणी लिहून ठेवलेलं नाही,
कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही,
लेकींच्या तोंडवळ्यावरून आईचा अंदाज बांधलाय.
ते बोलणाऱ्यांनी समुद्र पाहिला होता की नाही
यावर म्हणे विद्वानांचं अजून पटत नाही.
नदी असेल. पोखरलेलं एखादं खोड.
चांदणीवर भरवसा ठेवून पाण्यात उतरणं
आमच्या घरात नवीन नाही.

तिसऱ्या खेपेच्या औषधानंतर
आबा बादलीवर ओणवे, माझा हात त्यांच्या पाठीवर,
मणके मोजता येतील असे.
काहीतरी बोलायचं म्हणून बोलले :
आबा, हे होतंय ना तुमाला, त्याच्या नावात नाव आहे.
कंची नाव?
होरी.

त्यांनी तोंड पुसलं. चूळ भरली.
नव्या विमानतळाकडे एक विमान उतरत गेलं,
ते पार दिसेनासं होईस्तोवर थांबले.
चाळीस वरसं, म्हणाले, मना कंदी होरी लागली नाय.
ज्यानं ह्यो शबूद केला
तो होरीन पावना आसंल.

पाहुणा.
इतक्या कोशांत हे कुठंच नव्हतं.
वल्हवणाऱ्याला कुणी विचारलंच नसेल,
त्याच्या पोटात तेव्हा भूक होती.

आपणही काय वेगळं केलं?
घाटात गाडी लागते, रेवसला जाताना बोट लागते,
घरात नाव असताना बोट त्यांच्याकडून घेतली,
वर दुखणंही तिच्याच नावावर लावलं.
होडीचं कूळ शोधलं, तर मला धड लागलं नाही.
मागं मागं जावं तर ओहोटीचा चिखल,
आणि त्यात कुणाची तरी पावलं, भरत चाललेली.

आज पहाटे कंपनीच्या गाडीनं सोडलं.
आबा ओट्यावर जागे. हातात अर्धं लिंबू.
रात्री लागली का?
लागली. दोनदा.
मग हनुवटीनं जेट्टी दाखवत :
ती बघ, हाशा नाखव्याचीपन लागली.

तेच क्रियापद. आवाजही तोच.
खाली टोपल्या उतरत होत्या, बायका भावावरून भांडत होत्या,
वाऱ्यावर ओल्या जवळ्याचा वास वर आला.
आबांनी लिंबू नाकाशी धरलं.
तोंड फिरवलं नाही.